कानांनी लिहिलेल्या भयकथा

देवळाच्या ओसरीवर होईची बसला आहे. आंधळा आहे तो, आणि डोक्यापासून तळपायापर्यंत त्याच्या अंगावर शाईने हृदयसूत्र लिहिलेलं आहे. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, असं भिक्षूने त्याला बजावलंय. हाक येते. होईची गप्प. आणि हाक मारणाऱ्या मेलेल्या योद्ध्याला ओसरीवर एक बीवा, म्हणजे होईचीचं तंतुवाद्य, दिसते आणि नुसतेच दोन कान. तेवढेच लिहायचे राहून गेलेले असतात. तो ते उपटून घेऊन जातो.

लाफ्काडिओ हर्नच्या ‘क्वाइदान’ या संग्रहातली ही पहिलीच कथा. संग्रह १९०४ साली आला. त्यातली भुतं जपानी आहेत, पण पुस्तक इंग्रजीत लिहिलेलं आहे. हर्न १८५० मध्ये ग्रीसच्या लेफ्कादा बेटावर जन्मला, आयर्लंडमध्ये वाढला, अमेरिकेत पत्रकारिता केली आणि १८९० मध्ये जपानला पोचला तो तिथलाच झाला. शाळकरी वयात, खेळताना झालेल्या अपघातात त्याचा डावा डोळा गेला होता. उजव्यानेही फार जवळचंच दिसे, म्हणून तो मुद्दाम उंच करून घेतलेल्या मेजावर, कागदाला जवळजवळ नाक टेकवून लिही.

होईचीची कथा पुन्हा वाचली की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. योद्धा त्याला रोज रात्री एका थोर घरी गायला नेतो, तेव्हा होईचीला काही दिसत नाही आणि म्हणून आपल्यालाही दिसत नाही. आपल्याला ऐकू येतो चिलखताचा खणखणाट, दाराचे अडसर निघाल्याचा आवाज, रेशमी वस्त्रांची सळसळ. तो दान-नो-उराची लढाई गातो आणि समोरची माणसं हुंदके देऊन रडतात. ११८५ सालची ही खरी लढाई. तीत हेइके घराणं समुद्रात बुडालं, सहा वर्षांच्या बालसम्राट आन्तोकुसकट. भिक्षूचे नोकर शोधत जातात तेव्हा होईची भर पावसात आन्तोकुच्या समाधीपुढे एकटाच गात बसलेला सापडतो. बुडालेली माणसंच स्वतःच्या मरणाचं गाणं ऐकून रडत होती! भयकथेत एवढी करुणा मावू शकते हे मला या पानांनी दाखवलं.

त्यात ते सूत्र. हृदयसूत्र आपल्याकडच्या प्रज्ञापारमिता परंपरेतलं. डोळा नाही, कान नाही, नाक नाही, अशी नकारांची मालिकाच त्यात आहे. ‘कान नाही’ म्हणणारं सूत्र कानांवर लिहायचं राहावं आणि नेमके कान जावेत, हे जुळणं पाहून मी थक्क होतो.

पण हर्नला या गोष्टी कशा मिळाल्या? काही जुन्या जपानी ग्रंथांतून आल्या. युकी-ओन्ना, म्हणजे बर्फातल्या बाईची कथा, एका शेतकऱ्याने सांगितल्याची नोंद त्याने प्रस्तावनेत केली आहे. आणि पुष्कळशा त्याने बायकोच्या तोंडून ऐकल्या. सेत्सु मात्सुएच्या सामुराई घराण्यातली. तिला इंग्रजी येत नव्हतं, याला जपानी ग्रंथ वाचता येत नव्हते, आणि दोघं आपल्यापुरत्या मोडक्या जपानीत बोलत. तिच्या आठवणींत या रात्री आहेत: दिव्याची वात खाली केलेली, हर्न श्वास रोखून ऐकतोय. पुस्तक बघून सांगू नकोस, तुझ्या शब्दांत सांग, हा त्याचा हट्ट. त्यामुळे तिला गोष्ट आधी स्वतःत मुरवून घ्यावी लागे, आणि रात्री वाईट स्वप्नं पडत. होईची लिहिण्याच्या दिवसांत तो संध्याकाळी दिवासुद्धा लावू देत नसे. तिने शेजारच्या खोलीतून हळूच होईचीच्या नावाने हाक मारली, की हा आंधळ्या होईचीसारखाच ओ देई.

मग हर्नची वाक्यं इतकी साधी का, ते उलगडतं. ती आधी कुणीतरी अंधारात बोललेली आहेत. ‘मुजिना’ ही कथा तर जेमतेम दोन-तीन पानांची. तोक्योच्या चढावर एक रडणारी बाई, तिचा चेहरा अंड्यासारखा कोरा. घाबरून पळालेला माणूस सोबा, म्हणजे शेवया, विकणाऱ्याच्या कंदिलापाशी येऊन धापा टाकत सांगू लागतो... पुढचं मी इथे सांगणार नाही.

संग्रह निघाला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हर्न तोक्योत वारला. मासाकी कोबायाशीने याच नावाचा चित्रपट १९६४ मध्ये केला, तोही जरूर बघा. पण आधी ‘मुजिना’. ती स्वतः वाचू नका, घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही फक्त ऐका.