स्मृती कुणाच्या जवळ ठेवायची?

मंडळी, माझी डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली. तरी आज उमरेडला मी लिनक्सच्या कर्नलवर बोलणार आहे, कारण 'जवळ' आणि 'दूर' हा आमचा जुना प्रश्न तिथे अगदी रोकडा होऊन बसला आहे.

पुण्याच्या आयसरमध्ये 'परम ब्रह्म' हा महासंगणक आहे. त्याच्या एकेका यंत्रात दोन प्रोसेसर, आणि प्रत्येकाला स्वतःची रॅम जोडलेली. अशा प्रत्येक जोडीला कर्नल 'नोड' म्हणतो. प्रोग्रामला मात्र सगळी स्मृती एकच दिसते. समजा, एका व्यापाऱ्याचं एक गोदाम उमरेडला, दुसरं भिवापूरला. वहीत मिरचीचा साठा एकच. पोतं आणायला माणूस धाडला की फरक कळतो. कर्नलच्या अंतराच्या तक्त्यात स्वतःचा नोड १०, शेजारचा बहुधा २० किंवा २१ असतो.

आता, जागा मिळते केव्हा? मागितल्यावर नाही बरं का! मागितल्यावर मिळतो नुसता पत्ता, म्हणजे वचन. ४ केबीचं खरं पान सहसा त्यावर पहिल्यांदा लिहिलं जातं तेव्हाच मिळतं. आणि नेहमीच्या धोरणात, शक्यतो, लिहिणारा थ्रेड ज्या नोडवर असेल तिथलंच. इथेच भले भले फसतात. एकच थ्रेड आधी सगळ्या ॲरेत शून्यं भरून ठेवतो, मग पुढचं गणित सगळे थ्रेड मिळून करतात. पण पानं एव्हाना एका नोडवर जाऊन बसलेली! अर्धे थ्रेड जन्मभर शेजाऱ्याच्या दारात उभे. उपाय सोपा आहे: ज्याने पुढे वापरायचं, त्यानेच शून्य भरायचं.

याशिवाय धोरण आपणही सांगू शकतो. 'इंटरलीव्ह' म्हणजे एक पान इथे, एक तिथे. सगळ्यांनाच सगळं लागतं तेव्हा बरं. २०२४च्या ६.९ आवृत्तीपासून त्यात कमीजास्त वाटाही ठरवता येतो. 'प्रेफर्ड' म्हणजे आधी इथे, नाही जमलं तर दुसरीकडे.

आणि 'बाइंड' म्हणजे इथेच, दुसरीकडे नाही. हे हट्टी धोरण. तो नोड भरला, पानं मोकळी करूनही भागलं नाही, तर कर्नल प्रोग्राम मारून टाकू शकतो, शेजारचा नोड अर्धा रिकामा असला तरी. लॉगमध्ये लिहिलेलं असतं, स्मृती संपली. ते वाचून माणूस नवी रॅम विकत आणतो, ती दुसऱ्या नोडला जोडतो, आणि प्रोग्राम पुन्हा मरतो.