मुलांच्या फुटबॉलचं वेळापत्रक: काही हंगामांचा मागोवा

ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम त्याच्या सहा यजमान मैदानांपैकी एक. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यभरातल्या शाळांनी मुलांना फुटबॉल खेळायला मैदानात उतरवलं होतं. पुण्यातल्या आमच्या संघातही तेव्हा नव्या मुलांची रीघ लागली. त्यातली किती टिकली आणि किती गळाली, याचा निम्मा निकाल वेळापत्रकानं लावला, असं आज मागे वळून पाहताना मला ठामपणे वाटतं.

तेव्हा आमचं सगळं वर्ष शालेय स्पर्धांभोवती फिरायचं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या आणि बाद पद्धत. पावसाळाभर चिखलात सराव करायचा आणि पहिलाच सामना हरला की हंगाम संपला. स्पर्धेचा दिवस तर मुलांची परीक्षाच पाहायचा. सकाळी आठला हजेरी, मग ओळखपत्रं आणि जन्मदाखल्यांची तपासणी, मग नुसतं ताटकळणं. सामना लागायचा दुपारी एकला. तोवर भुकेनं कळवळून निम्म्या संघानं वडापाव खाल्लेला असायचा. जिंकलो तर थोड्याच वेळात दुसरा सामना. राखीव पोरं दिवसभर बूट बांधून बसायची आणि न खेळताच घरी जायची. पुढच्या जूनमध्ये न दिसणारी मुलं बहुतेक यांच्यातलीच असत.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं २०१८ मध्ये लहानग्यांसाठी गोल्डन बेबी लीग सुरू केली, तिचं मोल मला म्हणूनच मोठं वाटतं. लहान मैदान, कमी खेळाडू आणि साखळी सामने. साखळीत हरलेल्या संघालाही पुढचा सामना असतो, आणि दहा वर्षांच्या मुलाला तेच हवं असतं. आम्हीही मग आठवड्याची घडी बदलली. रविवारी सामना, सोमवारी सुट्टी, मंगळवारी आणि गुरुवारी सराव. मुलाच्या वयाच्या आकड्याहून जास्त तास आठवड्याला संघटित खेळ नको, हा क्रीडावैद्यकातला ढोबळ नियम आम्ही त्यात पाळला.

परीक्षांचा हिशेब जूनमध्येच मांडायला लागलो. शाळाशाळांतून घटक चाचण्या आणि सहामाहीच्या तारखा आणायच्या, त्या आठवड्यांत मित्रत्वाचा सामनाही घ्यायचा नाही. दहावीची मुलं जानेवारीत सराव सोडत आणि पुन्हा फिरकत नसत. त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदाच पाऊण तासाचा खेळ ठेवला, तेव्हा परीक्षा संपल्यावर ती आपणहून मैदानावर आली. मुलींचा सराव संध्याकाळी उशिरा असायचा. तो पाच वाजता आणला, दिवेलागणीच्या आत पोरी घरी पोहोचू लागल्या आणि पालकांची कुरकुर थांबली.

तारीख हुकली की काय होतं, हे २०२० नं दाखवलं. मार्चमध्ये मैदानं बंद झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतात सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक ठरलेला होता. तो २०२१ वर ढकलला गेला, मग रद्द झाला आणि अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये भरला. २००३ आणि २००४ साली जन्मलेल्या मुली तोवर वयोमर्यादेबाहेर गेल्या होत्या. कसब असूनही केवळ तारखांमुळे घरच्या मैदानावर विश्वचषक खेळायची त्यांची संधी गेली, ती पुन्हा येणार नाही. मोठ्यांचा हंगाम लांबला तर भरून काढता येतो. मुलांचं वय मात्र कोणासाठी थांबत नाही.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या सर्वांना कळकळीची विनंती आहे. तारखा जूनमध्येच जाहीर करा आणि शाळांच्या परीक्षा पाहून ठरवा. एका संघाला एका दिवशी एकच सामना द्या आणि त्याची वेळ पाळा. जमेल तिथे बाद फेरीऐवजी साखळी खेळवा. आणि पालकहो, वर्षातले दोन-तीन महिने मुलाला फुटबॉलपासून मोकळं सोडा. विश्रांतीही वेळापत्रकातच लिहायची असते.