धनुष्य आलं घरात, आता बाण कोणता घ्यायचा?

शेरेवाडीच्या अदिती स्वामीनं २०२३ साली बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी कंपाऊंड प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवलं. त्याच्या आधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिक खेळून आला, पुढं पॅरिसलाही गेला. त्यामुळं आपल्या जिल्ह्यात तिरंदाजी हा आता टीव्हीवर बघायचा खेळ राहिलेला नाही. वाडीवस्तीवरची पोरं धनुष्य मागतात, आईबाप पैशाची जुळवाजुळव करून घेऊनही देतात. पण सगळं लक्ष धनुष्यावर असतं. बाण मात्र मोबाईलवर जे स्वस्त दिसेल ते सहाचं बंडल मागवायचं, असं चालतं. खरं तर नेम चुकतो तो निम्म्या वेळा बाणामुळं, आणि हाताला इजा होते तीही बहुतेक बाणामुळंच.

पहिली गोष्ट लांबीची. पोरानं दोन्ही हात आडवे पसरले की एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेपनं मोजा. येईल त्या इंचांना अडीचनं भागा. ६५ इंच आले तर २६. ही त्या पोराची ताण, म्हणजे दोरी साधारण किती मागं येणार त्याचा अंदाज. बाण याच्यापेक्षा दीड-दोन इंच लांबच घ्यायचा. वाढत्या वयाच्या पोराला तर दोन इंच हवेतच, कारण सहा महिन्यांत हात लांबतो. आखूड बाण फार वाईट. पूर्ण ताण घेतला की त्याचं टोक धनुष्याच्या आत येतं, टेकूवरून घसरतं आणि सोडला की बाण थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. थोरल्या भावाचा बाण धाकट्याला चालेल, पण धाकट्याचा थोरल्याला कधीच देऊ नका.

दुसरी गोष्ट कडकपणाची. याला खेळाडू स्पाईन म्हणतात आणि दुकानदार सगळ्यात जास्त गोंधळ इथंच घालतो. बाण सुटताना सरळ जातो असं आपल्याला वाटतं, पण तो जात नाही. मागून दोरी ढकलते, पुढचं जड टोक जागचं हलायला वेळ लावतं, त्यामुळं मधली दांडी वाकते. मग मासा पोहतो तसा वळवळत बाण धनुष्याच्या मुठीला वळसा घालून पुढं जातो आणि हळूहळू सरळ होतो. हे वाकणं धनुष्याच्या जोराला जुळलं पाहिजे. उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याचे बाण सारखे डावीकडं जात असतील तर दांडी जास्त कडक असू शकते, उजवीकडं जात असतील तर जास्त मऊ. पोराला "नीट बघून मार" म्हणून ओरडण्याआधी हे तपासा.

बाणावर ५००, ७००, १००० असे आकडे छापलेले असतात. ते कसे काढतात ते समजलं की फसवणूक होत नाही. दांडी २८ इंचांच्या अंतरावर दोन टेकूंवर ठेवतात, मधोमध ८८० ग्रामचं वजन टांगतात आणि ती किती झुकते ते मोजतात. अर्धा इंच झुकली तर ५००, पुरा एक इंच झुकली तर १०००. म्हणजे आकडा मोठा तितका बाण मऊ. आपल्याला बैलजोडीपासून मोटारीच्या एचपीपर्यंत मोठा आकडा म्हणजे दणकट अशी सवय, इथं उलटं आहे. नवशिक्या पोराचं धनुष्य १८ ते २४ पौंडांचं असतं, त्याला १०००च्या आसपासचा किंवा त्याहून मऊ बाण लागतो. ४००चा बाण हा तगड्या गड्याच्या धनुष्याचा किंवा कंपाऊंडचा. तो पोराच्या धनुष्यावर लाकडाच्या दांडक्यासारखा वागतो. बाण लांब ठेवला किंवा टोक जड लावलं तर तोच बाण आणखी मऊ वागतो, हेही ध्यानात असू द्या. ॲल्युमिनियमच्या बाणावर १८१६ असा चार आकडी नंबर असतो, तो वेगळा. पहिले दोन आकडे जाडीचे, इंचाच्या चौसष्टाव्या भागात, आणि पुढचे दोन नळीच्या पत्र्याची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात.

वजनाचं एकच सांगतो. फार हलका बाण धनुष्याला मारतो. बाण न लावता दोरी सोडली तर सगळा जोर धनुष्याच्या पात्यांत परत जातो आणि ती तडकतात. अगदी हलक्या बाणानं तेच थोडं थोडं होत राहतं. बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्राम. धनुष्याच्या दर पौंडाला किमान पाच ग्रेन, ही खालची हद्द. ४० पौंडाला २०० ग्रेन म्हणजे १३ ग्राम. सरावाला याच्या बरंच वर राहिलेलं चांगलं. सोनाराकडच्या काट्यावर सगळे बाण एकदा तोलून घ्या. एका संचातले बाण वजनाला, लांबीला सारखे नसतील तर पोरगं कितीही मन लावू दे, बाण एका जागी बसणार नाहीत.

आता दांडी कशाची? बांबूचं धनुष्य वापरून ३० आणि ५० मीटरवर जो इंडियन राउंड खेळतात, त्याला लाकडी-बांबूचे बाण. त्यात सारखेपणा सापडणं अवघड, म्हणून डझनातून चार-पाच जुळणारे निवडावे लागतात. सरावाला माझं मत ॲल्युमिनियमला. वाकला तर दिसतो, सपाट फरशीवर लोळवला की कळतं. कार्बन हलका, वेगवान, वाकडा राहत नाही, पण तडा गेला तर डोळ्याला दिसत नाही आणि सुटताना फुटला की काटे हातात शिरतात. प्रत्येक खेपेला कार्बनचा बाण दोन्ही टोकांना धरून किंचित वाकवा, फिरवा, कानाशी धरा. करकर ऐकू आली की मोडून टाका. वरून कापसाचा बोळा फिरवला तरी चीर असेल तिथं कापूस अडकतो. शेतकरी म्हणून आणखी एक: फुटलेल्या कार्बनचे तुकडे बांधावर टाकू नका. ते वैरणीत गेले तर जनावराच्या तोंडात जातील.

पिसांबद्दल थोडंच. टेकू नसलेल्या, हातावरून बाण सोडायच्या धनुष्याला खऱ्या पिसांचा बाण घ्या, कारण पीस दबतं आणि प्लास्टिक आपटून बाण उडवतं. तीन पिसं एकाच बाजूच्या पंखाची हवीत. वेगळ्या रंगाचं पीस धनुष्याच्या उलट्या अंगाला ठेवायचं. मागची खाच दोरीत हलकीच अडकली पाहिजे. बाण लटकत राहावा आणि दोरीवर टिचकी मारली की सुटून पडावा. सैल खाच घसरली तर रिकामी दोरी सुटल्यासारखंच होतं.

टोकाच्या बाबतीत मात्र कान देऊन ऐका. ऑनलाईन बाणांबरोबर रबराची बोथट टोकं, तारांचे पंजे असलेली टोकं आणि धारदार पाती दाखवतात. अमेरिकेसारख्या ठिकाणी परवाना काढून ससे-खारी मारायला ती वापरतात. आपल्याकडं १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. ससा, तितर, मोर हे सगळे त्यात येतात आणि मारायचा नुसता प्रयत्न केला तरी ती शिकारच धरतात. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोरासारखा पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर किमान तीन वर्षं आणि पुढं सातपर्यंत. शेत आपलं आहे, हरभरा सशानं खाल्ला, हे उत्तर तिथं चालत नाही. पोराच्या हौसेपायी घरात केस यायला नको. सरावाला गोळीच्या आकाराचं साधं लोखंडी टोकच घ्या. ते भाताच्या पेंढ्याच्या घट्ट बांधलेल्या चटईत किंवा जुन्या चिंध्या ठासून भरलेल्या पोत्यात नीट बसतं आणि निघतंही. झाडाच्या बुंध्यावर मारलं तर बाणही जातो आणि झाडही.

नेम धरायची दिशा ठरवताना पाठीमागं उंच ताल किंवा मातीचा ढीग बघा. उसाच्या फडाकडं तोंड करून कधीच नाही. आत पाणी धरणारं माणूस बाहेरून दिसत नाही, आणि साधा बाणसुद्धा शंभर मीटरच्या पुढं सहज जातो. बाण काढताना एक हात पोत्यावर, दुसरा बाणाला पोत्याच्या अगदी जवळ, आणि मागं कुणी उभं नाही याची खात्री करून सरळ ओढा. परत निघताना बाण मोजून घ्या. गवतात राहिलेला एक बाण खुरात नाहीतर ट्रॅक्टरच्या टायरमध्येच सापडतो.