धिप्पाड देह आणि मुठीएवढी मूत्रपिंडे

रग्बी हा खेळ आपल्याकडे फारसा खेळला जात नाही. अंड्याच्या आकाराचा चेंडू छातीशी धरून पळायचे, अडवणाऱ्यांना चुकवायचे किंवा सरळ अंगावर घ्यायचे आणि प्रतिस्पर्ध्यांच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवायचा. त्याला ‘ट्राय’ म्हणतात, त्याचे पाच गुण. कबड्डीप्रमाणे इथेही अंगात रग आणि पायात चपळाई, दोन्ही लागतात. न्यूझीलंडच्या जोना लोमूकडे ही दोन्ही होती. आरोग्याच्या सदरात त्याची आठवण काढतो आहे ती मात्र त्याच्या मूत्रपिंडांमुळे.

लोमूचा जन्म १९७५ साली ऑकलंडला, टोंगा बेटांवरून आलेल्या कुटुंबात झाला. १९९४ मध्ये, वयाच्या १९व्या वर्षी, तो न्यूझीलंडकडून कसोटी सामना खेळला. इतक्या लहान वयात त्या संघाकडून कसोटी सामना कोणीच खेळले नव्हते. उंची जवळपास साडेसहा फूट, वजन सुमारे १२० किलो, आणि तरीही शंभर मीटर ११ सेकंदांच्या आत! १९९५च्या विश्वचषकात उपांत्य फेरीत इंग्लंडविरुद्ध त्याने एकट्याने चार ट्राय केले. अडवायला आलेल्या माइक कॅटला तुडवून तो पुढे गेला, ते दृश्य जगभर गाजले. त्याच वर्षी हा खेळ अधिकृतपणे व्यावसायिक झाला आणि लोमू त्याचा पहिला मोठा तारा ठरला.

पण त्यानंतर दोन वर्षांच्या आत त्याला ‘नेफ्रोटिक सिंड्रोम’ असल्याचे निदान झाले आणि १९९७ मध्ये खेळ थांबवून उपचार घ्यावे लागले.

हा आजार काय आहे? आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्या रक्तातली घाण गाळून लघवीवाटे टाकतात, पण प्रथिने अडवून ठेवतात. या आजारात गाळणीची छिद्रे सैल होतात आणि प्रथिने लघवीतून वाहून जातात. रक्तातले प्रथिन घटले की पाणी रक्तवाहिन्यांत टिकत नाही, अंगात झिरपते आणि सूज येते.

सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज, संध्याकाळी पायांवर सूज, लघवीला दाट, लवकर न जिरणारा फेस, ही त्याची लक्षणे. दुखत मात्र काहीच नाही, आणि फसगत होते ती इथेच. माझ्या दवाखान्यात आया सुजलेले मूल घेऊन येतात आणि कौतुकाने सांगतात, ‘‘डॉक्टर, आता कुठे बाळसं धरलंय!’’ मोठी माणसे जागरणाचे निमित्त सांगतात. लघवीची साधी तपासणी केली की खरे काय ते कळते.

लोमू उपचारांनंतर मैदानावर परतला. १९९८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सातजणांच्या रग्बीत त्याच्या संघाने सुवर्णपदक मिळवले. १९९९च्या विश्वचषकात त्याने आठ ट्राय केले. एकूण ६३ कसोटी सामने, ३७ ट्राय. पण मूत्रपिंडे खालावतच गेली. २००३ मध्ये आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले. पायांच्या नसांनाही इजा झाली होती आणि चाकाच्या खुर्चीत बसावे लागण्याची भीती होती. २००४ मध्ये एका मित्राने आपले मूत्रपिंड त्याला दिले. त्या बळावर तो २००५ मध्ये वेल्समधील कार्डिफ क्लबकडून पुन्हा व्यावसायिक रग्बी खेळला! मात्र बसवलेले मूत्रपिंड कायमचे टिकेलच असे नसते. २०११ मध्ये तेही निकामी झाले, पुन्हा डायलिसिस आले. १८ नोव्हेंबर २०१५ रोजी, वयाच्या ४०व्या वर्षी, तो अचानक गेला. मागे दोन लहान मुले राहिली.

वाचकहो, दंडाचे बळ पाहून मूत्रपिंडांची पारख होत नाही. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा. अंगावर सूज दिसली तर लघवी आणि रक्तदाब तपासून घ्या. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासा. अंगदुखीच्या गोळ्या मनाने रोज घेऊ नका. सूज असताना पापड-लोणचे आणि वरचे मीठ बंद करा. प्रथिने जातात म्हणून प्रथिनांची पावडर सुरू करू नका, आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

लहान मुलांमधला हा आजार बहुतेक वेळा स्टिरॉइडच्या औषधांनी आटोक्यात येतो. ‘स्टिरॉइड’ या नावाला घाबरून किंवा सूज उतरली म्हणून ते औषध मध्येच सोडू नका. मात्रा हळूहळू कमी करावी लागते आणि आजार उलटण्याचीही शक्यता असते. मोठ्यांमध्ये कारणे वेगवेगळी असतात, म्हणून मूत्रपिंडाचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. त्यालाही भिऊ नये.

लघवीच्या तपासणीला खर्च थोडाच येतो आणि सुईही टोचावी लागत नाही. घरात कुणाचे डोळे सकाळी सुजलेले दिसले तर तेवढी तपासणी त्याच दिवशी करून घ्या.