बिनसमुद्राच्या मुलुखातील हंगामी बिऱ्हाडे

अमरावतीच्या बाजारातला कापूस एके काळी विलायतेत ‘ऊमरा’ या व्यापारी नावाने ओळखला जात असे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या वर्षांत तिकडचा कापूस अडकून पडला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी, नाके मुरडीत का होईना, पण हिंदुस्थानातला हा आखूड धाग्याचा माल चात्यांवर चढविला. आणि टंचाईचे ते दिवस सरून मजुरीतून चार पैसे शिल्लक पडू लागल्यावर त्याच गिरण्यांतील कामकरी माणसे, गावजत्रेच्या आठवड्यात भोंगा बंद झाला की, पोराबाळांसह आगगाडीत बसून ब्लॅकपूलच्या समुद्रकाठी जाऊ लागली. ब्लॅकपूलपर्यंत रेल्वे १८४६ सालीच पोहोचली होती. १८७१ च्या कायद्याने इंग्लंडात काही सार्वजनिक सुट्ट्याही मुक्रर झाल्या. समुद्राची हवा मोलावाचून मिळत होती. विकत घ्यावयाची होती ती फक्त रात्रीची पथारी.

ही पथारी विकणाऱ्या घरमालकिणींचा एक स्वतंत्र वर्गच तेथे निर्माण झाला. त्या बहुधा प्रौढ वयाच्या, कित्येक विधवा, आणि पुष्कळशा तर गिरणगावांतूनच थोडी पुंजी गाठीस बांधून आलेल्या असत. त्यांचा मूळचा रिवाज असा की, खोली व सरबराई मालकिणीची, शिधा मात्र पाहुण्याचा. प्रत्येक कुटुंबाने आपापले मांस, बटाटे व चहा बाजारातून आणून द्यावा आणि बाईने एकाच चुलीवर पाच-सहा कुटुंबांची पाच-सहा भांडी, कोणाचा बटाटा कोणाच्या पातेल्यात जाऊ न देता, वेगवेगळी शिजवून द्यावी. आठवड्याच्या अखेरीस जो हिशेब हाती पडे त्यात खोलीचे भाडे असे, सरबराईचा आकार असे आणि मेजावर ठेवलेल्या मीठ-मिरपूड-मोहरीच्या बरण्यांबद्दलही वेगळी रक्कम मांडलेली असे. या शेवटच्या कलमावरून तिकडच्या नाटकशाळांतील विदूषकांनी व विनोदी पोस्टकार्डे काढणाऱ्या चित्रकारांनी दोन पिढ्या पोट भरले. हंगामात मालकीण स्वतः नवऱ्यामुलांसह स्वयंपाकघरात किंवा माळ्यावर निजे, कारण निजण्याची प्रत्येक जागा म्हणजे रोकड होती. पहिल्या महायुद्धानंतर शिधा आणण्याची चाल हळूहळू मोडून खोली व जेवण एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली, आणि १९३८ साली पगारी रजेचा कायदा झाल्यामुळे या धंद्याच्या गिऱ्हाइकांत आणखी भर पडली.

वऱ्हाडात या वर्गाची उत्पत्ती का झाली नाही, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. मुंबईचा समुद्रच जेथून रेल्वेने शेकडो किलोमीटर दूर आहे, तेथे समुद्रकाठची मालकीण यावी कोठून? परंतु समुद्र नसला तरी बाकीची सामग्री येथे होती. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपलीकडे जाणे हे काही नवल नव्हे. कापसाचा पैसा होता. १८६७ साली नागपूरपर्यंत रेल्वे गेली आणि १८७१ मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीला फाटाही आला. आणि हवा पालटण्यासाठी चिखलदऱ्यासारखे गिरिस्थानही उंबऱ्याशी होते. असे असून सुट्टीच्या पाहुण्याकडून उघडपणे भाडे घेणारे घर मात्र आमच्याकडे फार उशिरा उभे राहिले. माझ्या मते याचे कारण असे की, खोलीचे मोल आमच्या समाजाने कधी सोडले नाही, पण ते नेहमी दुसऱ्याच कोणत्या तरी सदरात जमा केले.

कापूस विकायला आलेल्या कास्तकाराचेच पाहा. तो बैलबंडी घेऊन अमरावतीस किंवा अकोल्यास आला म्हणजे त्याचा मुक्काम बहुधा अडत्याकडे असे. वखारीच्या पडवीत घोंगडी, बैलांना पाणी, सकाळी चहा. याचे भाडे म्हणून अडत्याने एक पैसा मागितला असता तर कास्तकार भडकला असता. परंतु पट्टीतून अडत, हमाली, तोलाई आणि धर्मादाय कापून जाताना तोच कास्तकार निमूटपणे अंगठा उठवी. वाड्याच्या ढाळजेत उतरणारा पाहुणा तर निदान नात्याचा धागा सांगून येई. कोर्टकचेरीच्या तारखेला आलेला चुलतमामा तिसऱ्या दिवशीही हलण्याचे नाव घेत नसे. जाताना मात्र तो घरच्या लेकराच्या हातावर रुपया ठेवी, आणि घरच्या बाईला त्या रुपयाचा आकडा आधीच्या खेपेसकट पाठ असे. १९२३ साली अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाल्यावर खेड्यापाड्यांतून विद्यार्थी येऊ लागले, आणि ज्यांना वसतिगृहात जागा मिळेना त्यांना शहरातली घरे हळूहळू खोल्या देऊ लागली. पण तेथेही भाड्याहून अधिक चर्चा जातीची, गावची आणि ‘कोणाचा पोरगा’ याची होई.

जो अडत्याकडेही माल आणीत नाही आणि ज्याला कोणाचे नातेही सांगता येत नाही, अशा माणसाच्या निवाऱ्याचा विचार वऱ्हाडच्याच एका पुत्राने केला. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे ज्या धर्मशाळा उभारल्या त्यांची तपशीलवार कथा येथे सांगत नाही. ती सर्वांना ठाऊक आहे. एवढेच नमूद करतो की, पंढरपुरात सवर्णांच्या घरांतून ज्यांना पैसे देऊनही ओसरी मिळत नसे त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा बांधली. भाडे उघडपणे न घेणाऱ्या समाजात खोली नाकारणेही उघडपणे करावे लागत नाही. ‘आमच्याकडे आज पाहुणे आहेत’ एवढे म्हटले की काम भागते. ब्लॅकपूलच्या मालकिणीचा बाजारी रोखठोकपणा मला या एका बाबतीत तरी आमच्या आतिथ्याहून स्वच्छ वाटतो.

समुद्र म्हणाल तर जुन्या पिढीतील वऱ्हाडी माणसाने तो पाहिला तो यात्रेकरू म्हणून. द्वारका, रामेश्वर, जगन्नाथपुरी ही तीन नावे. आणि तेथे खोली मिळे ती पंड्याकडून. पंड्याचा माणूस स्टेशनावरच गाव व आडनाव विचारी, मग चोपडी उघडून आजा-पणजाचे नाव वाचून दाखवी, आणि त्या नावासरशी यात्रेकरू त्याच्या स्वाधीन होई. पुरीच्या या बिऱ्हाडघरांतून रथयात्रेच्या दिवसांत माणसे इतकी कोंबली जात आणि पटकीच्या साथीत इतकी दगावत, की बंगाल सरकारला १८७१ मध्ये खास कायदा करून अशा घरांना परवाना व माणसांच्या संख्येची मर्यादा लावून द्यावी लागली. खोलीचे भाडे तेथे दक्षिणेत मिसळून जाई. घासाघीस व्हायची ती श्राद्धाच्या पिंडांवरून, पथारीवरून कधीच नाही; आणि समुद्रात उतरायचे ते स्नानासाठी, संकल्प सोडून, डोक्यावरून तीन लाटा घेऊन लगेच बाहेर.

आता चिखलदरा. सातपुड्याच्या गाविलगड रांगेतील, साडेतीन हजार फुटांहून अधिक उंचीचे हे पठार, १८२३ साली हैदराबाद पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सनच्या नजरेस आले असे सांगतात. कोरकू व गवळी मंडळी तेथे त्याच्या कितीतरी आधीपासून नांदत होती आणि शेजारचा गाविलगड तर १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेल्स्लीच्या फौजेने भोसल्यांकडून जिंकूनही घेतला होता, त्यामुळे ‘शोध’ या शब्दाला येथे कितपत अर्थ आहे हे वाचकांनीच ठरवावे. एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, छावणीतील गोऱ्या अंमलदारांना पावसाळा ओसरल्यानंतरची तेथील हिरवळ पाहून घरची आठवण होई. त्यांनी बंगले बांधले, कॉफीची लागवड केली, दऱ्यांच्या कडांना इंग्रजी नावे दिली. परंतु चिखलदऱ्याच्या नशिबी दुय्यमपणच आले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारास जोडला गेला, त्या प्रांताचे सरकार उन्हाळ्यात पचमढीस जाई, आणि मग चिखलदरा उरला तो जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांपुरता.

येथे मालकीण उपजली नाही याची कारणे या इतिहासातच आहेत. जमीन बहुतेक सरकारची, भोवती राखीव जंगल. पक्की घरे तेवढी अंमलदारांची. कोरकूचे घर बांबूच्या तट्ट्यांचे व मातीने लिपलेले. ते त्याला स्वतःला पुरत होते, साहेबाला भाड्याने देण्याजोगे नव्हते. म्हणून कोरकू बाई सरपणाची मोळी, मध, पाण्याची घागर घेऊन बंगल्याच्या मागच्या दारी येई, गवळी दूध-खवा घाली. पुढच्या दाराचा पैसा त्यांच्यापर्यंत पोहोचत नसे.

चिखलदऱ्यास जायचे तर घाटाखालच्या, अचलपूरला लागून असलेल्या परतवाड्यापर्यंत पोहोचणे हेच एक प्रकरण होते. मूर्तिजापूरहून अचलपूरकडे जाणारी अडीच फुटी रुळांची, किलिक निक्सन कंपनीच्या मालकीची ती गाडी, जिला लोकांनी पुढे ‘शकुंतला’ असे लाडके नाव दिले, शहात्तर किलोमीटरांसाठी निम्मा दिवस घेई. त्यानंतर दमणी किंवा छकडा, आणि मोटारी आल्यावर घाटातील लॉरी. वर चढताना सामानात वळकटी, कंदील, कणीक, डाळ, तूप, मिरच्यांचे वाटण आणि ज्वारीचे पीठ असे सारे घेऊन जावे लागे, कारण मुसाफिर बंगल्यात खोली मिळे, शिधा मिळत नसे. खानसामा किंवा चौकीदार तो शिधा शिजवून देई. पाहुण्याचे धान्य आणि परक्याची चूल, हा ब्लॅकपूलचाच रिवाज. फरक एवढाच की ब्लॅकपूलची मालकीण गिऱ्हाइकाच्या खुशीवर जगे, आणि हा चौकीदार सरकारच्या पगारावर.

त्या फरकात सगळे आले. बंगल्यात उतरण्यास प्रथम कचेरीतून परवानगीची चिठ्ठी आणावी लागे, आणि ती कोणाच्या ओळखीने मिळाली यावर चौकीदाराचा सलाम किती वाकायचा हे अवलंबून असे. दरपत्रक भिंतीवर चौकटीत टांगलेले, त्यातील आकडा नाममात्र. खोलीचा खरा मोबदला ओळख, अर्ज आणि हेलपाटे या रूपाने आधीच चुकता झालेला असे. सरकारी कामावरील अंमलदाराचा हक्क पहिला हा नियम आजही बहुतेक विश्रामगृहांत आहे. वकिलाचे कुटुंब दोन दिवस सुखाने राहिलेले असावे, मुले भीमकुंडाच्या कड्यावरून दगड खाली टाकून आवाज ऐकण्यात रमलेली असावीत, आणि संध्याकाळी चौकीदाराने येऊन, दृष्टी खाली घालून, ‘साहेबांचा दौरा लागला जी, खोली खाली करा लागते’ असे सांगावे. मग ट्रंका ओसरीवर. साहेब येऊन एक रात्र राहणार, सकाळी निघून जाणार, आणि नोंदवहीत शेरा लिहिणार की व्यवस्था समाधानकारक आहे. भाडेकरूला भांडता येते. उपकृताला येत नाही. आमच्या वकिलाच्या बायकोने ब्लॅकपूलच्या बाईशी मिठाच्या बरणीवरून जसे कडाक्याचे भांडण केले असते तसे भांडण चिखलदऱ्यास करण्याची सोयच नव्हती.

वऱ्हाडी कुटुंबाला उघड्या भाड्याची खरी ओळख झाली ती कोकणात, आणि तीही अगदी अलीकडे. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर नारळ-पोफळीच्या वाड्या पूर्वीपासून होत्या, पण मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरींवर चालणाऱ्या त्या घरांना परक्यास खोली देण्याची कल्पना रुचत नव्हती. १९९७ च्या नोव्हेंबरात दिवेआगरला एका वाडीत सोन्याचा गणेश सापडला. दर्शनाला लोटलेल्या गर्दीला रात्री राहू द्यावे की नाही हा प्रश्न गावाने पडव्या रिकाम्या करून सोडविला. पुढे पर्यटन महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेने अशा घरांना नोंदणीची पाटीही दिली. तेथील काकूंचा कारभार पाहण्यासारखा असतो. सकाळी दहाच्या आत दुपारच्या ताटांची संख्या सांगायची. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. नारळाच्या सोडणांवर तापलेल्या बंबाचे पाणी नऊपर्यंतच. आणि घरची माणसे मे महिनाभर मागच्या पडवीत. अकोल्याचे कुटुंब दुसऱ्याच दिवशी खोबऱ्याच्या गोडसर आमटीला कंटाळून पिशवीतला ठेचा बाहेर काढते, काकू तो चाखून डोळे पुसतात, आणि तिसऱ्या दिवशी तांदळाच्या भाकरीबरोबर पिठल्याचा भाव ठरतो. यात कोणालाच अवघड वाटत नाही.

तोच रोखठोकपणा आता चिखलदऱ्यासही चढला आहे. व्याघ्रप्रकल्पामुळे १९७४ पासून चिखलदऱ्याभोवतालच्या मेळघाटाचे नाव देशभर झाले, मोटारी वाढल्या, आणि हंगामही मे महिन्यातून सरकून जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी आला. आता अमरावती-अकोल्याची माणसे उन्हापासून पळून जाण्यासाठी नव्हे, तर धुक्यात भिजण्यासाठी तेथे जातात. खाजगी लॉजे झाली, काही घरांनी वरचा मजला खोल्यांसाठी चढविला. फोनवर बाई प्रथम माणसे किती, मग गाडी कोणती, हे विचारतात आणि भाव सांगून टाकतात. भर पावसाच्या शनिवारी तो दुप्पट असतो आणि त्याबद्दल त्यांच्या आवाजात यत्किंचित संकोच नसतो. ज्यांना वर जागा मिळत नाही ते रात्री परतवाड्यास उतरतात. या उलाढालीत कोरकू घराचा वाटा मात्र अजूनही खोल्या झाडण्याचा, मध विकण्याचा आणि वाट दाखविण्याचाच अधिक आहे. त्याच्या नावावर पक्के घर आणि घराखालची जमीन असल्यावाचून तो मालक म्हणून फोन उचलू शकणार नाही, आणि राखीव जंगलाच्या मुलुखात ही गोष्ट सावकाश चालते. दिवाळीच्या सुट्टीत वर पुन्हा गर्दी होईल. ज्यांना जायचे असेल त्यांनी भाव आधीच ठरवून घ्यावा, गरम पाणी त्यात धरले आहे की नाही हेही विचारावे, आणि विश्रामगृहाच्या चिठ्ठीसाठी कोणाच्या ओळखीचा शोध घेत बसू नये.