काजळीचे कण आणि कर्करोग

आपल्या जुन्नर-आंबेगांवकडील जुन्या घरांत चुलीवरच्या तुळयांना धरलेली काजळी आपण पाहिलीच असेल. ही काजळी म्हणजे बव्हंशीं कार्बन. धुराडीं झाडणाऱ्या मुलांस मोठेपणीं होणाऱ्या कर्करोगाचें मूळ काजळींत आहे, असें लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं १७७५ सालीं दाखवून दिलें. परंतु त्याच कार्बनचे अतिसूक्ष्म कण आज ह्या रोगाचा माग काढण्याच्या कामीं येऊं पाहत आहेत.

एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले असतां एका भागास नॅनोमीटर म्हणतात. २००४ सालीं अमेरिकेंत काजळीचें शुद्धीकरण चालू असतां दहा नॅनोमीटरहूनही लहान असे चमकणारे कार्बनकण हातीं लागले. २००७ सालीं ते मेणबत्तीच्या काजळींतूनही काढण्यांत आले. त्यांवर अतिनील किरण पाडले कीं ते निरनिराळ्या रंगांनीं प्रकाशतात. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्रा. महेश्वर शेरॉन यांनीं तर साध्या कापरापासून कार्बनच्या सूक्ष्म नलिका तयार केल्या.

ह्या कणांचा उपयोग कसा होतो? कित्येक कर्कपेशी फोलिक आम्ल इतर पेशींहून अधिक ओढून घेतात. कणांस तें आम्ल जोडलें म्हणजे ते त्या पेशींत शिरतात व प्रकाशून त्यांचा ठाव सांगतात. कांहीं कण अवरक्त प्रकाश शोषून तापतात आणि त्या उष्णतेनें रोगट पेशी मरते. मात्र हे प्रयोग बहुतांशीं प्रयोगशाळेंतील पेशींवर व उंदरांवर झालेले आहेत. चीनमध्यें शस्त्रक्रियेच्या वेळीं सुमारें १५० नॅनोमीटरचे कण टोचतात. ते लसिकाग्रंथी काळ्या करून शस्त्रवैद्यास दाखवितात.

हें शास्त्र पूर्णत्वास जाईल तेव्हां जावो. आपल्या हातीं आज काय आहे? तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजून केलेली मशेरी पुष्कळ घरांत दांतांस लावितात. ती काळी पूड औषध नव्हे. तिनें तोंडाचा कर्करोग होतो. तोंडांत जखम, पांढरा किंवा लाल चट्टा तीन आठवड्यांत बरा न झाल्यास दुखत नाहीं म्हणून स्वस्थ बसूं नये, डॉक्टरांस दाखवावें. आरंभीं सांपडलेला रोग बरा होण्याचा संभव पुष्कळ अधिक असतो, आणि आरंभीं तो पाहावयास साधा उजेड व घरच्या माणसाची काळजी पुरेशी होते. तेव्हां हा लेख आज आपल्या आईस व आजीस अवश्य वाचून दाखवा.