अंगठीतून जाणारी ऊब

काश्मिरी पश्मिना शाल अंगठीतून आरपार जाते, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक असते. पण ती मागावर विणलेली असते. दोन सुयांवर, टाका टाका मोजून विणलेली आणि तरीही अंगठीतून जाणारी शाल आहे रशियातील ओरेनबर्गची. तिचे नाव ‘पाउतिन्का’, म्हणजे कोळ्याचे जाळे.

उरल नदीकाठचे हे शहर. बश्किर मुस्लिमांसाठी १९व्या शतकात बांधलेली कारवांसराय मशीद तिथे आजही उभी आहे. शालीची गोष्टही शेजाराचीच. कडाक्याच्या थंडीत कझाक आणि काल्मिक पशुपालक हलक्या कपड्यांत कसे वावरतात, याचे कोसॅकांना नवल वाटे. आत बकरीच्या मऊ लोकरीची बंडी असे, असे सांगतात. बकऱ्या मुस्लिम कझाकांच्या आणि बौद्ध काल्मिकांच्या, सुया ख्रिस्ती कोसॅक बायकांच्या! १७६६मध्ये प्योत्र रिच्कोव या अभ्यासकाने या लोकरीवर निबंध लिहिला. त्यांच्या पत्नी अल्योना यांना १७७०मध्ये या कामासाठी सुवर्णपदक मिळाले.

हिवाळा सरताना बकरीला विंचरून आतली मऊ लोकर काढतात. राठ केस निवडून ती कातायची आणि रेशमाच्या बारीक धाग्याबरोबर पिळायची. मग विणकाम. सुईवर धागा नुसता घेतला की भोक पडते आणि एक टाका वाढतो. म्हणून दोन टाके एकत्र विणून हिशेब जुळवायचा. एक टाका चुकला की पुढची नक्षी सरकते. मोठ्या शालीला आठवड्यांमागून आठवडे लागतात, आणि एवढे करून सुईवरून उतरते ते चुरगळलेले फडके! धुऊन, लाकडी चौकटीवर ताणून वाळवले की नक्षी उमलते. सब्र म्हणतात तो हाच.

आता यंत्रावरच्या स्वस्त शालीही त्याच नावाने विकल्या जातात. महिनाभर राबणाऱ्या बाईला त्या किमतीशी स्पर्धा करणे जमत नाही. ओळखण्याची एक खूण मात्र सोपी आहे. हातविणीच्या शालीची दातेरी किनार मधल्या भागासोबतच विणलेली असते, यंत्राच्या शालीला ती बहुधा वेगळी शिवलेली असते.

ईदच्या बाजारात चिकनकारीचा कुर्ता घ्या की क्रोशाची टोपी, कापड उलटून मागची बाजू एकदा पाहावी. हाताचे काम दिसले, तर घासाघीस जरा कमी करावी.